कंबरदुखी आणि एकमेकांशी बोलणारे डॉक्टर: इंदूरमधला माझा चार महिन्यांचा अनुभव

माझी कंबर कशी धरली, हे या वेळी मला एकदाच सांगावं लागलं. चार महिने उपचार चालले, तिघांनी तपासलं, एम.आर.आय. झाला, ऑपरेशनचा विषय निघाला आणि मागे पडला. पण पहिल्या दिवशी फॅमिली डॉक्टरांना जे सांगितलं, ते पुढच्या दोघांकडे मी जायच्या आधीच लिहून पोहोचलेलं होतं. एक्स-रेची पिशवी काखेत मारून ज्यांनी इंदूरभर चकरा घातल्या आहेत, त्यांना यातलं सुख मी वेगळं समजावायला नको.

सुदामा नगरात माझं पोळी-भाजी केंद्र आहे. यंदा चौदा वर्षं झाली. रोज अडीचशे-तीनशे पोळ्या, होळीला पुरणपोळ्या, दिवाळीला फराळ. मदतीला दोघी आहेत, एक लाटते आणि एक भाजते. कणीक मात्र मीच मळते. पोळीची चव कणकेत असते आणि गिऱ्हाईक ती ओळखतं. वय चोपन्न, साखर आहे, बी.पी.ची गोळी चालू आहे. हे आजार आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढे त्यांचा संबंध येणार आहे.

दवाखान्याचं नाव मी लिहीत नाही. डॉक्टरांना विचारलं होतं. ते म्हणाले, "वहिनी, पेशंटकडून जाहिरात करून घेणं आमच्या नियमात बसत नाही. काम कसं चालतं ते लिहा, नाव नको." म्हणून कामाबद्दलच लिहिते. ज्यांना खरोखर गरज आहे त्यांनी केंद्रावर येऊन विचारावं, मी सांगेन.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट आधी सांगते, नाहीतर या वेळचं मोल कळणार नाही. दिवाळीच्या फराळात चाळीस किलो चिवडा झाला आणि भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी उसण भरल्यासारखी कंबर धरली. एका ठिकाणी एक्स-रे काढून पाच दिवस इंजेक्शनं दिली. दुसरीकडे लगेच एम.आर.आय. करायला लावला आणि रिपोर्ट पाहून सांगितलं की मणक्याची गादी सरकली आहे, पुढच्याच आठवड्यात ऑपरेशनला भरती व्हा. मला त्यांनी टेबलावर झोपवूनही पाहिलं नाही. तिसऱ्यांनी ऑपरेशनचं नाव काढू नका म्हणत कंबरेला पट्टा बांधला आणि वजनं लावून पंधरा दिवस ओढ दिली. मग कुणीतरी सांगितलं म्हणून एका गावात मणका बसवणाऱ्याकडे गेले. त्याने पाठीवर गुडघा ठेवून असा झटका दिला की परतीच्या वाटेवर बसमध्ये मला उभ्याने यावं लागलं. प्रत्येकाने आधीच्याचे कागद बाजूला सारले. एकाने वीस दिवस पेनकिलर लिहून दिली आणि बी.पी.ची गोळी चालू आहे का हेही विचारलं नाही. वरचं बी.पी. एकशे सत्तरवर गेलं, तेव्हा ते घरच्या मशिनवर आमच्या ह्यांनीच पकडलं.

आठ महिने गेले आणि साठ हजारांच्या वर पैसे गेले. दुखणं हळूहळू आपोआप कमी झालं, भीती मात्र गेली नाही. पट्ट्याशिवाय घराबाहेर पडायची नाही, गादी सोडून फळीवर झोपायची. भजनी मंडळात खाली बसावं लागतं म्हणून मंडळ सोडलं. एम.आर.आय.च्या रिपोर्टमधले 'डिस्क बल्ज', 'डिजनरेशन' हे शब्द मला पाठ झाले होते. रात्री अंधारात ते आठवायचे.

या होळीला दोनशे पुरणपोळ्यांची ऑर्डर होती. हरभऱ्याची डाळ शिजून पुरण घोटून झालं आणि ते भगोनं मी ओट्यावरून उचलून खाली ठेवायला वाकले. कंबरेत काहीतरी तुटल्यासारखी चमक आली. संध्याकाळपर्यंत कळ डाव्या कुल्ल्यातून पोटरीच्या बाहेरच्या अंगाने थेट पावलावर, अंगठ्यापर्यंत उतरली. रात्रभर तिथे मुंग्या. ऑर्डर दोघींनी शेजारच्या वहिनींना हाताशी घेऊन कशीबशी पुरी केली. रंगपंचमीला केंद्र बंद ठेवलं, चौदा वर्षांत पहिल्यांदा.

सकाळी ह्यांनी रिक्षा आणली आणि आम्ही आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो. आधीच्या वेळी मी त्यांना वगळून थेट मोठ्यांकडे गेले होते. मनात थोडी लाज होती. त्यांनी त्याबद्दल एक शब्द काढला नाही.

त्यांनी पंचवीस मिनिटं तपासलं, घड्याळ समोरच होतं. आधी प्रश्न. लघवी अडते का, किंवा नकळत होते का? बसल्यावर जी जागा टेकते तिथे बधिरपणा आहे का? ताप, वजन कमी होणं, रात्री घाम? घरात कुणाला टी.बी. होता का? कधी कॅन्सर? पडलात का? स्टेरॉइडच्या गोळ्या कधी घेतल्यात का? सगळ्याला नाही म्हटल्यावर मला पाठीवर झोपवून सरळ पाय वर उचलला. डावा पाय अर्ध्यावर जायच्या आधीच मी ओरडले. मग गुडघ्यावर, टाचेमागे हातोडी. टाचणीने दोन्ही पावलांवर टोचून सारखं लागतं का विचारलं. टाचांवर चालायला लावलं, मग चवड्यांवर. अंगठा वर उचलायला सांगून त्यावर बोट दाबून धरलं. प्रत्येक गोष्ट ते बोलून दाखवत होते आणि कंपाउंडर ताई लिहून घेत होती.

मी म्हटलं, एम.आर.आय. लिहून द्या. ते म्हणाले, आज नको. खरं सांगते, मला राग आला. इतकं दुखतंय आणि आत बघायचंसुद्धा नाही?

मग त्यांनी खुर्ची जवळ ओढली. पायाची ताकद आज पूर्ण आहे, धोक्याची एकही खूण नाही. अशा दुखण्यातली बहुतेक दुखणी सहा आठवड्यांत पुष्कळ कमी होतात, आणि आज फोटो काढला तरी आजचा उपचार बदलणार नाही. माझा जुना रिपोर्ट त्यांनी मागून घेतला होता. तो पुढे धरून म्हणाले, की २०१५ साली तीन हजारांवर अशा लोकांच्या तपासण्या एकत्र करून पाहिल्या गेल्या, ज्यांची कंबर मुळीच दुखत नव्हती. त्यांच्यातल्या पन्नाशीच्या लोकांत शंभरातल्या ऐंशी जणांच्या गाद्या झिजलेल्या आणि साठ जणांच्या फुगलेल्या दिसल्या. "तुमच्या रिपोर्टमधले निम्मे शब्द माझ्याही पाठीत असतील वहिनी, मी एकसष्टचा आहे." दोन वर्षं ज्या शब्दांनी माझी झोप घालवली होती, त्यांचा अर्थ मला कुणी पहिल्यांदाच सांगत होतं. मी तिथे रडले. दुखण्यामुळे नाही.

पट्टा त्यांनी सोडायला लावला. जुनाट कंबरदुखीसाठी जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये सूचना काढल्या, त्यांत पट्टे आणि वजनाची ओढ दोन्ही नेहमीच्या उपचारात देऊ नयेत असं म्हटलं आहे, आणि व्यायाम, नीट समजावून सांगणं, मनाचा आधार यांची शिफारस आहे. आठ महिने मी नेमकं उलट केलं होतं. गोळ्या सात दिवसांच्या दिल्या, पोट सांभाळणाऱ्या गोळीबरोबर, आणि रोज बी.पी. मोजून वहीत लिहायला सांगितलं. किडनीसाठी रक्त तपासलं. पडून राहायचं नाही, घरातल्या घरात दर तासाला चालायचं.

निघताना नऊ प्रश्नांचा एक कागद भरून घेतला. इंग्लंडमधल्या कील विद्यापीठातल्या लोकांनी तो बनवला आहे असं डॉक्टर म्हणाले. पहिले प्रश्न साधे, दुखणं पायात उतरतं का, कपडे घालायला वेळ लागतो का. पुढचे मात्र मनाला हात घालणारे: हे कधीच बरं होणार नाही असं वाटतं का? अशा माणसाने हालचाल करणं धोक्याचं आहे असं वाटतं का? मनाच्या या सगळ्या प्रश्नांवर मी हो अशी खूण केली. नवांपैकी आठ आले. कुणाला नुसत्या सल्ल्यावर घरी पाठवायचं, कुणाला फिजिओकडे, आणि कुणाच्या भीतीवर आधी काम करायचं, हे त्यावरून ठरवतात. मी तिसऱ्या गटात होते.

आता या दवाखान्याची रीत. खाली फॅमिली डॉक्टर, वरच्या मजल्यावर फिजिओथेरपीच्या दोन खोल्या, आणि एक आड एक गुरुवारी मणक्याचे सर्जन येतात. त्यांचं मुख्य काम दुसरीकडे आहे, इथे ते दोन तास बसतात. अशा पाट्या इंदूरमध्ये पुष्कळ दवाखान्यांवर आहेत, एका छताखाली सगळे. इथे वेगळं हे आहे की फाइल एकच आहे, आणि दर शनिवारी फॅमिली डॉक्टर आणि फिजिओ ताई कंबरेच्या पेशंटांच्या फायली घेऊन अर्धा तास बसतात. कोण सुधारतंय, कोण अडकलंय, कुणाला सर्जनना दाखवायचं, ते तिथे ठरतं. सर्जनकडे पेशंट स्वतः नंबर लावू शकत नाही. सुरुवातीला मला ही अडवणूक वाटली. माझी भाची कॅनडातल्या ओंटारिओत असते, तिला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, आमच्याकडेही असंच आहे. तिकडे २०१२ पासून कंबरदुखीसाठी ही पद्धत सुरू झाली: फॅमिली डॉक्टर पाठवतो, खास शिकलेला फिजिओ किंवा कायरोप्रॅक्टर (हाताने मणक्यावर उपचार करणारा) सविस्तर तपासतो, आणि गरज असेल त्यालाच सर्जनकडे नेतात. म्हणजे ही आमच्या डॉक्टरांची एकट्याची लहर नव्हती.

फिजिओ ताई देवासची, हिंदी बोलणारी, माझ्या मुलीच्या वयाची. पहिल्याच दिवशी तिने मला पालथं झोपवून कोपरांवर छाती उचलायला लावलं. मी घाबरले, कारण पाठ मागे वाकवायची नाही असं मला कुणीतरी बजावलं होतं. दहा वेळा केल्यावर तिने विचारलं, "आंटी, अब दर्द कहाँ तक है?" कळ पावलावरून पोटरीपर्यंत वर आली होती. ती म्हणाली, कंबरेत जास्त दुखलं तरी चालेल, पायातलं दुखणं वर सरकतंय ना, ही चांगली खूण. त्या दिवसापासून मी कळ कुठपर्यंत उतरते ते रोज वहीत लिहू लागले. कळ जाते कधी याची वाट बघत बसण्यापेक्षा ती कुठे आहे हे पाहणं मला पुष्कळ सोपं गेलं.

दुसऱ्या भेटीत तिने केंद्रातला व्हिडिओ मागितला. माझ्या मदतनीस मुलीने काढून पाठवला. त्यात मी पाटावर बसून पाच किलो कणकेच्या परातीवर ओणवी झालेली. तिने तो तीनदा थांबवून थांबवून पाहिला. परात टेबलावर घ्यायला लावली, टेबल कोपराच्या वीतभर खाली येईल असं. पाच किलोचा एक गोळा न मळता दोन-दोन किलोचे, मध्ये पाच मिनिटं चालून. सुताराकडून टेबलाचे पाय तीन इंच कापून घेतले, दोनशे रुपये लागले. माझ्या मते सगळ्या उपचारातले सर्वांत कामी आलेले दोनशे रुपये हेच.

तिसऱ्या आठवड्यात मात्र गोष्ट बिघडली. दुखणं कमी होत होतं, पण डाव्या पायातली चप्पल चालताना निसटायला लागली. मी मनावर घेतलं नाही, चप्पल जुनी आहे म्हटलं. फिजिओ ताईला बोलता बोलता सांगितलं. ती एकदम थांबली. टाचांवर चालायला लावलं, डावा चवडा उचललाच जाईना. अंगठ्यावर बोट दाबलं तर अंगठा खाली गेला. त्या दिवशीचा व्यायाम बंद करून ती मला हाताला धरून खाली घेऊन आली. डॉक्टरांनी बाकीचे पेशंट थांबवून पुन्हा तपासलं आणि पहिल्या दिवशीच्या कागदाशी ताडून पाहिलं. तिथे लिहिलं होतं: अंगठा डावा पाच, उजवा पाच. आता डावा चार. पाच म्हणजे पूर्ण ताकद. त्यांनी माझ्यासमोरच सर्जनना फोन लावला. सर्जनचा गुरुवार अजून नऊ दिवस दूर होता. एम.आर.आय. त्याच संध्याकाळी झाला आणि तिसऱ्या दिवशी ते मुद्दाम माझ्यासाठी आले.

इथे मला थोडं थांबून लिहायचं आहे. पहिल्या दिवशी एम.आर.आय.ला नाही म्हणणाऱ्या डॉक्टरांनी आता तो एका दिवसात करवला, कारण आता त्याने काही ठरणार होतं. आणि पहिल्या दिवशी ताकद मोजून लिहिली नसती, तर ती कमी झाली हे कुणाला कळलं असतं? मागच्या वेळी माझ्या पायाची ताकद एकाही कागदावर नव्हती. तेव्हा चप्पल निसटली असती तर मी चप्पलच बदलली असती.

सर्जन, फॅमिली डॉक्टर आणि मी, तिघं एका खोलीत बसलो. आमचे हे बाजूला बसले होते. जुना आणि नवा एम.आर.आय. शेजारी शेजारी लावला. चौथ्या आणि पाचव्या मणक्यामधली गादी डावीकडे फुटून बाहेर आली होती आणि पाचव्या शिरेवर टेकली होती. अंगठा वर उचलणारी शीर तीच. पायातली कळ, मुंग्यांची जागा, अंगठा आणि फोटो, सगळं एकाच ठिकाणी बोट दाखवत होतं. सर्जन म्हणाले की जुन्या फोटोतल्या फुगवट्याचा आजच्या दुखण्याशी तेवढा संबंध नाही, आजचं कारण नवं आहे.

मग मत वेगळं पडलं, आणि ते माझ्यासमोर पडलं. सर्जनचं म्हणणं, शिरेजवळ स्टेरॉइडचं इंजेक्शन देऊ, कळ लवकर बसेल. फॅमिली डॉक्टर म्हणाले, यांची तीन महिन्यांची सरासरी साखर सात पूर्णांक सहा आहे, गेल्या महिन्यात गोळी वाढवली आहे, स्टेरॉइडने साखर काही दिवस चढेल. दुखणं उतरणीला आहे, तर आत्ताच हवं का? सर्जनने फाइल उलटून साखरेचा कागद पाहिला. क्षणभर विचार करून म्हणाले, ठीक, इंजेक्शन हातात राखून ठेवू. दोन मोठी माणसं माझ्यासमोर असं बोलतात आणि एक जण दुसऱ्याचं ऐकून आपलं मत बदलतो, हे मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. माझा विश्वास तिथे बसला. दोघांनी पहिल्यापासून एकच सूर लावला असता तर मला वाटलं असतं की बाहेर ठरवून आले.

ऑपरेशनबद्दल सर्जनने स्वतःहून सांगितलं. नेदरलँड्समध्ये २००७ साली सहा ते बारा आठवडे पायात जबर कळ असलेल्या २८३ जणांवर अभ्यास झाला. लवकर ऑपरेशन केलेल्यांची कळ लवकर गेली, पण वर्षानंतर दोन्ही गट जवळपास सारखेच होते. हेही सांगितलं की थांबलेल्यांपैकी शंभरात एकोणचाळीस जणांना पुढे ऑपरेशन करावंच लागलं. हा आकडा त्यांनी लपवला नाही, म्हणून पहिल्यावर मी विश्वास ठेवला. माझ्या बाबतीत ठरलं असं: आणखी तीन आठवडे थांबायचं, दर तीन दिवसांनी फिजिओ ताई अंगठा मोजून लिहील, आकडा तीनवर आला तर लगेच ऑपरेशनचा विचार. लघवी अडली किंवा बसायची जागा बधिर झाली तर सकाळची वाट न बघता त्याच रात्री मोठ्या हॉस्पिटलात. कुठल्या, कुणाला फोन करायचा, हे एका कागदावर लिहून दिलं. तो कागद ह्यांनी फ्रिजवर चिकटवला. अजून आहे.

तीन आठवडे मी रोज सकाळी पलंगावर बसून अंगठा उचलून बघत होते. देवाआधी अंगठा. चार, चार, चार, मग एके दिवशी ताईने चारच्या पुढे अधिकची खूण केली. मेच्या अखेरीस पाच झाला. कळ त्याच्या आधीच मांडीपर्यंत वर आली होती आणि मग कंबरेतल्या ठणक्यावर थांबली.

नंतरचा काळ सावकाश गेला. व्यायामाला ताईने माझ्याच आट्याच्या थैल्या आणायला लावल्या. आधी एक किलो उचलायचं, मग दोन, मग पाच. जुलैच्या पहिल्या आठवड्यात मी दहा किलोची थैली जमिनीवरून टेबलावर ठेवली आणि काहीही झालं नाही. भगोनं आता दोघी मिळून उचलतो. पोळ्या दोनशेवर आणल्या आहेत आणि तिसरी मदतनीस ठेवली. सकाळी उठल्यावर कंबर अजून अर्धा तास आखडलेली असते, पण मी घाबरत नाही. आषाढीला भजनी मंडळात गेले, खुर्चीवर बसून टाळ वाजवले.

आता ज्या गोष्टी मला खटकल्या त्या. फिजिओच्या खोल्या वर आणि जिना अरुंद. कंबरेच्या पेशंटाला अठरा पायऱ्या चढायला लावणं बरोबर नाही, पहिल्या आठवड्यात मी प्रत्येक पायरीला थांबत होते. लिफ्ट बसत नसेल तर निदान नव्या पेशंटला खाली तपासावं. व्यायामाचा छापील कागद फक्त इंग्रजीत आहे, चित्रं नखाएवढी. मी ताईच्या मदतीने माझ्यापुरता मराठीत लिहून घेतला आणि एक प्रत तिथे ठेवली आहे. एका गुरुवारी सर्जन दीड तास उशिरा आले आणि वाट बघायच्या जागेत आडवं व्हायला एकही बाक नव्हता. दोघा डॉक्टरांच्या एकत्र भेटीची फी नऊशे रुपये, आधी कुणी सांगितली नव्हती. एकूण खर्च एम.आर.आय. धरून साडेसतरा हजार झाला. मागच्या वेळेच्या तिसरा हिस्सासुद्धा नाही, पण माझ्या मदतनीस मुलींना हे झेपणारं नाही हेही खरं.

त्यातल्या एकीची गोष्ट सांगते. तव्यापाशी उभी असते ती, अडतीस वर्षांची. मे महिन्यात तिची कंबर दुखायला लागली. मी तिला तिथेच नेलं. डॉक्टरांनी तशीच पहिल्यापासून तपासणी केली, तोच नऊ प्रश्नांचा कागद भरून घेतला. तिचे दोनच आले. फोटो नाही, सर्जन नाही, वर फिजिओकडेही एकदाच पाठवलं. तव्यासमोर एका पायाखाली आळीपाळीने लाकडी ठोकळा ठेवायला सांगितला आणि फिरायला. तीनशे रुपये डॉक्टरांचे, दोनशे फिजिओचे. तीन आठवड्यांत ती बरी झाली. माझ्या दुखण्यापेक्षा तिच्या दुखण्यात मला या रीतीची जास्त पारख झाली. ज्याला वर न्यायचं नाही त्याला ते खालीच बरं करतात.

जाणार असाल तर चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या, जुने रिपोर्ट न्या, मागून बंद असलेली चप्पल घाला. सकाळी नऊच्या आत नंबर लावला तर गर्दी कमी असते. संध्याकाळी डब्यांच्या वेळेला मला जाता येत नसे म्हणून हे मला माहीत आहे. वर जाताना उजव्या हाताचा कठडा धरा, डावीकडचा पाइप हलतो. मी दोनदा सांगून आले आहे. ताई म्हणाली, या आठवड्यात वेल्डर येतोय.